रविवारचं पाणी

सरकारी प्रशिक्षण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला चांगलं ठाऊक आहे. चहा, ग्लुकोजची बिस्किटं, कुरकुरणारा पंखा आणि दुपारच्या तासाला पेंगणारी माणसं. त्या दुपारच्या तासाला हिशेब मीच शिकवायचो, त्यामुळे पेंगणाऱ्यांबद्दल माझ्याइतक्या अधिकारानं दुसऱ्या कोणी बोलू नये. मी रेणुकादास मुखेडकर. नांदेडच्या एका प्रशिक्षण केंद्रात ग्रामसेवकांना आणि सरपंचांना जमाखर्च समजावण्यात माझी नोकरी गेली. तो त्यांना समजला असं म्हणायचं धाडस मी आजही करणार नाही.

पण त्याच खोलीत, त्याच माणसांना, सकाळच्या तासाला झोप येत नसे. सकाळी भांडणं लागायची. आवाज फाटकाबाहेरच्या पानटपरीपर्यंत जायचा आणि टपरीवाला मला विचारायचा, "सर, आज काय हाणामारी हाय का?" तो तास निवृत्ती सोनकांबळे यांचा.

त्यांच्या विषयाला परिपत्रकात लांबलचक नाव होतं. ते नाव सोनकांबळ्यांनी कधी उच्चारलं नाही. ते म्हणायचे, "चार गावांत एक." एका गावाला जे एकट्यानं झेपत नाही ते चार गावांनी मिळून ठेवायचं. एक रुग्णवाहिका, एक वायरमन, कचऱ्याचा एक ट्रॅक्टर, पाण्याची एक लाइन. सांगायला दोन वाक्यं पुरतात. करायला गेलं की पहिल्याच आठवड्यात ट्रॅक्टर कोणाच्या दारात उभा राहणार यावरून डोकी फुटतात. म्हणून पाच दिवसांचं प्रशिक्षण.

त्यांची रीत अशी होती की वर्गात कोणी आपल्या गावाचं बोलायचं नाही. शेजारच्या गावाचं गाऱ्हाणं मांडायचं, तेही त्या गावचे लोक समोर बसलेले असताना, आणि त्यांनी "हाव, बरोबर" म्हणेपर्यंत मांडत राहायचं. जळकोटकडच्या एका तुकडीत ईश्वरप्पा नावाचे सरपंच होते. शेजारच्या गावाशी त्यांचा दहा वर्षं अबोला. सोनकांबळ्यांनी नेमकं त्याच गावाचं तोंड व्हायला त्यांना उभं केलं. आधी त्यांनी नाक मुरडलं, मग दोन वाक्यं बोलले, मग त्यांना रंग चढला आणि त्या गावच्या बायका उन्हात किती लांबून पाणी आणतात ते सांगता सांगता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. समोर बसलेला त्या गावचा सरपंच उठून म्हणाला, "आप्पा, एवढं ठाऊक व्हतं तर आजवर कामून गप बसलाव?" वर्ग हसला. ईश्वरप्पा हसले नाहीत.

सोनकांबळे दिसायला किडकिडीत, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि स्वभाव त्या इस्त्रीसारखाच. नम्र वगैरे अजिबात नव्हते. आपल्याला आपला विषय येतो हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि ते समोरच्यालाही लवकर कळेल अशी व्यवस्था ते करत. माझं त्यांच्याशी दिवसाआड वाजायचं. तरी डबा आम्ही एकत्रच खायचो, कारण केंद्रात दुसरं भांडण्यासारखं कोणी नव्हतं.

त्यांचा जीव अडकला होता तो सहा गावांच्या एका पाण्याच्या लाइनीत. लातूर शहराच्या कडेला कवठाळी नावाचं गाव, तिथून लाइन निघायची आणि चार गावं ओलांडून नवी जांभळीला संपायची. नवी जांभळी हे सोनकांबळ्यांचं गाव. जुनी जांभळी भूकंपात गेली. ही नवी सरकारनं वसवलेली, सरळ रस्त्यांची, एकसारख्या घरांची. सहा गावांचे सहा वार ठरलेले होते. सोमवार कवठाळीचा, शनिवार नवी जांभळीचा. रविवारी सगळ्या गावांना थोडं थोडं पाणी सुटायचं, ते जनावरांसाठी. ही सगळी आखणी सोनकांबळ्यांची आणि त्या गावांतल्या प्रत्येक पाणीवाल्याला शिकवलेलंही त्यांनीच.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडायची. प्रत्येक गावाच्या वॉल्व्हला कुलूप होतं, पण त्याची चावी त्या गावाकडे नसायची. ती असायची दुसऱ्या दिवशी ज्याचा वार, त्या गावाकडे. सोमवारी कवठाळीचं पाणी झालं की मंगळवारवाला चावी घेऊन हजर. सोनकांबळे म्हणायचे, "पाणी बंद व्हायची घाई ज्याला, चावी त्याच्याकडंच पाहिजे. मग पहारा ठेवावा लागत न्हाई." शेवटच्या गावाची चावी फिरून कवठाळीकडे. अशी ती चावी वर्षानुवर्षं फिरत राहिली आणि एकदाही कुलूप तुटलं नाही. माझ्या जमाखर्चानं एवढं कधी साधलं नाही, हे मी कबूल करतो.

एवढी वाटणीची ओढ या माणसाला कुठून लागली, हे ते स्वतः कधी सांगत नसत. मला ते त्यांच्या बायकोकडून, सुमनबाईंकडून कळलं. त्र्याण्णव साली सोनकांबळे चाकूरला तात्पुरते पंपचालक होते आणि भूकंपाच्या दिवसांत रजेवर गावी आलेले होते. माळवदाचं घर बसलं. मातीच्या ढिगातून त्यांनी सुमनबाईंना ओढून काढलं आणि दोन वर्षांच्या आनंदराजला काढलं. पोराला खरचटलंसुद्धा नव्हतं. लोक त्याला बघायला यायचे, देवानं राखलेलं लेकरू म्हणून त्याच्या तोंडावरून हात फिरवायचे.

मग पत्र्याच्या शेडची वस्ती झाली. खरं म्हणजे दोन झाल्या. एक रस्त्याला लागून, दुसरी आत, चिखलाच्या वाटेनं. सोनकांबळे आतल्या वस्तीत. मदत महाराष्ट्रभरातून येत होती, टँकरला टँकर लागत होते, पण जो तो रस्त्यावरच्या वस्तीपाशी थांबायचा, कारण यादीत जांभळी एकच होती आणि जांभळी म्हटली की ती पहिली दिसायची. तिथं टँकरच्या पाण्यानं लोक धुणी धुवायचे. आतली माणसं घागरी घेऊन गेली की टँकरवाला म्हणायचा, "तुमची वस्ती आमच्याकडं न्हाई." आतल्या वस्तीनं ओढ्याचं पाणी प्यायलं. दिवाळीच्या सुमारास आनंदराजला हगवण लागली आणि लातूरला नेता नेता वाटेतच तो गेला. भूकंपातून वाचलेलं लेकरू घागरभर पाण्यावाचून गेलं.

"तवापासून यांनी त्याचं नाव घेतलं न्हाई, भाऊजी," सुमनबाई मला म्हणाल्या. "मी घेतलं की उठून बाहेर जातेत."

ते कामावर परत गेले, विभागाच्या परीक्षा दिल्या, एकामागून एक पायऱ्या चढत आमच्या केंद्रात प्रशिक्षक झाले. मधल्या काळात विशाखा झाली. एकुलती एक, हुशार आणि बापासारखीच तोंडाळ. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि त्या वर्षांत आमच्याकडे ज्याला डॉक्टर व्हायचं तो लातूरला जात असे. नांदेड, हिंगोली, परभणी, कुठकुठची पोरं ट्रंका घेऊन लातूरच्या स्टँडवर उतरायची. चौकाचौकात गुणवंतांचे फोटो, त्यांच्या खाली क्लासचं नाव, आणि त्या फोटोंखाली उभे राहून आईबाप आपल्या पोराच्या तोंडाकडे बघणार. शहरात जागा पुरेना तेव्हा होस्टेलं कडेच्या गावांत सरकली. कवठाळीत जिथं तूर उभी असायची तिथं चार चार मजले उभे राहिले. विशाखा अशाच एका होस्टेलात राहायला गेली. खोलीत तिच्यासोबत हदगावच्या एका शिक्षकाची मुलगी होती, राजश्री. दोघींचं छान जमलं.

आणि मग तो दुष्काळ आला, ज्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याबद्दल सगळ्यांनी सगळं लिहून झालेलं आहे. आमच्या सहा गावांच्या लाइनीचं सांगायचं तर धरणाच्या तळातून जेमतेम जे उपसलं जाई तेवढंच लाइनीत यायचं. वार पाळले जात होते, चावी फिरत होती. पण कवठाळीच्या सोमवारच्या पाण्यात गावकरी आधी आपली भांडी भरून घ्यायचे आणि होस्टेलच्या टाक्यांपर्यंत थेंब पोचायचा नाही.

मार्चमध्ये सहा गावांची बैठक भरली. वर्षाचा हिशेब तपासायला मी नेहमीसारखा गेलो होतो. शाळेच्या खोलीत सतरंज्या टाकलेल्या, प्रत्येक गाव आपापल्या सतरंजीवर, आणि मध्ये खुर्चीवर सोनकांबळे. कवठाळीचे हणमंतराव उठले. गावचे पुढारी तेच आणि मोठ्या होस्टेलांचे मालकही तेच.

"सर, परीक्षा होईस्तोवर रविवार कवठाळीला द्या," ते म्हणाले. "पोरं बाहेरगावची हायत. त्यांनी कुणाच्या तोंडाकडं बघावं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "पोरांचं नाव सांगताव अन पाणी टँकरवाल्याला विकताव." हे खोटं नव्हतं. आदल्या वर्षी हणमंतरावांनी तसं केलेलं सगळ्यांना माहीत होतं.

सगळ्यांनी सोनकांबळ्यांकडे पाहिलं. दोनच दिवसांपूर्वी विशाखाचा फोन आला होता, हे मला ठाऊक होतं. अंघोळ चार दिवसांनी, प्यायला विकतचं पाणी, आणि तेही गढूळ, असं ती रडत रडत सांगत होती. फोन त्यांनी माझ्यासमोरच घेतला होता.

"कवठाळीला कवठाळीचा वार हाय," सोनकांबळे म्हणाले. "होस्टेल ज्याचं, पाणी त्यानं बघावं. रविवार सगळ्यांचा हाय, सगळ्यांचाच राहील."

"सर, तुमची पोरगी तिथंच हाय की," कोणीतरी हळूच बोललं.

"म्हणूनच," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोटची पोर तिथं असून माणूस ढळला नाही, असं त्या दिवशी सहा गावांत झालं. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. परतीच्या बसमध्ये मी त्यांना सोडलं नाही.

"हणमंतरावांना नाही म्हणालात ते समजलं. पण त्या पोरींचं काय?"

"मुखेडकर, उद्या लोक म्हणतील, सोनकांबळेनं पोरीपायी रविवार देऊन टाकला. मग ही लाइन महिनाभर टिकायची न्हाई."

"तुम्हाला लाइनीची काळजी होती की तुमच्या नावाची?"

माझं आजही मत असं आहे की स्वतःच्या माणसावर कठोर झालं की न्याय आपोआप होतो, हा त्यांचा एक भ्रम होता. त्यात त्यांना एक समाधानही मिळायचं. त्या समाधानाचा मला राग यायचा.

महिना गेला. होस्टेलवाल्यांनी मिळेल तिथून टँकर मागवले. कुठल्या विहिरीचं पाणी ते कोणी विचारलं नाही, विचारायची सोयही नव्हती. आधी दोन पोरी आजारी पडल्या, मग अख्खा मजला. राजश्रीला कावीळ झाली आणि ती फार वाढली. हदगावहून तिचे वडील यायला वेळ लागणार होता, म्हणून विशाखानं बापाला फोन केला. सोनकांबळे आणि मी लातूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा राजश्री खाटेवर डोळे मिटून पडली होती. हळदीसारखा रंग, ओठ सुकलेले. पलीकडच्या तीन खाटांवर त्याच होस्टेलच्या पोरी. खाटेखाली भौतिकशास्त्राचं पुस्तक पडलं होतं. परीक्षा पंधरवड्यावर आली होती.

विशाखा बापाशी भांडेल असं मला वाटलं होतं. ती भांडली नाही. आवाज न चढवता तिनं विचारलं, "पप्पा, तुमच्या त्या सहा गावांत माणसं कशी मोजली?"

"जनगणनेनं," ते म्हणाले. "ज्याची नोंद जिथं, तिथं."

"मग आम्ही कुठं?"

"तुम्ही आपापल्या गावात."

"म्हणजे राजश्री हदगावात मोजली, मी नांदेडात. पण तहान तर कवठाळीत लागायलीय, पप्पा. पाणी प्यायला हदगावला जायचं का तिनं?"

तिनं राजश्रीच्या अंगावरची चादर सारखी केली आणि मग ती जे बोलली त्याला मी तयार नव्हतो, ते तर नव्हतेच.

"दादा गेला तेव्हा आपलीपण वस्ती कुणाच्या यादीत नव्हती ना? मग त्या टँकरवाल्याचं काय चुकलं? त्याच्याकडं पण यादीच होती."

मी सोनकांबळ्यांकडे पाहू शकलो नाही. तेवीस वर्षं ज्याचं नाव बापानं तोंडातून काढलं नव्हतं, त्याला ती सरळ दादा म्हणाली होती, जसा तो कुठं शेजारच्या खोलीत असावा. सोनकांबळे भिंतीला टेकले. मग खाली बसले, दवाखान्याच्या फरशीवर, इस्त्रीच्या पँटीसकट. मला त्यांची कीव आली आणि त्यांच्या पोरीचा धाक वाटला.

"चुकलंच माझं," ते शेवटी म्हणाले. "सहा गावं धरली. सात व्हती."

चार दिवसांनी त्यांनी पुन्हा बैठक बोलावली. खुर्ची त्यांनी भिंतीकडे सरकवून ठेवली आणि उभ्यानंच बोलले. मार्चमध्ये आपण चुकीचा निकाल दिला. रविवार होस्टेलांना मिळाला पाहिजे. कवठाळीला नव्हे, हणमंतरावांना नव्हे, सरळ होस्टेलच्या टाकीला. चावीही हणमंतरावांकडे राहणार नाही, ती नवी जांभळीनं सांभाळावी. होस्टेल हे सातवं गाव धरायचं.

ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच आता ओरडायला लागले. रविवार गेला तर जनावरांनी काय करायचं? मार्चमध्ये रविवार सगळ्यांचा होता, एप्रिलमध्ये कसा नाही? सगळ्यांत जास्त चिडला तो त्यांच्याच गावचा दगडोबा.

"पोरीच्या जिवावर आलं तवा उमगलं व्हय?" तो म्हणाला. "मार्चात लई न्यायाधीश झाल्ते. हणमंतरावांनी मागितलं तर चोर, अन सरांनी मागितलं तर शिकवण? आमाला शिकवायलेत, आपल्या गावाचं बोलू नका म्हणून. तुमी पयलं सांगा, तुमी कोणच्या गावचे?"

हे बोलणं लागावं असंच होतं, आणि त्यात चूक काही नव्हतं. मला वाटलं, आता हे कायदा सांगतील, नाहीतर तडक उठून जातील. त्यांचा स्वभाव मला माहीत होता.

"दगडोबा, तुझं खरं हाय," सोनकांबळे म्हणाले. "पोरगी तिथं नसती तर मला उमगलं नसतं. ते माझ्या नावावर लिहून ठेव. पण मी कोणच्या गावचा ते ऐक. आपल्या शेडच्या वस्तीत एक लेकरू व्हतं. कुणाच्या यादीत त्याची वस्ती न्हवती, म्हणून त्याला पाणी न्हवतं. मी त्याचा बाप हाय. आनंदराज त्याचं नाव."

वर्गात एवढी वर्षं इतरांच्या गावांचं गाऱ्हाणं मांडायला लावणारा माणूस पहिल्यांदा स्वतःचं बोलला होता, आणि पुढं त्याला बोलता येईना. दगडोबा मान खाली घालून बसला.

नवी जांभळीच्या सतरंजीवर मल्लम्मा बसल्या होत्या. साठी उलटलेली बाई, शेडच्या वस्तीत सोनकांबळ्यांची शेजारीण, आता गावाच्या पाणी समितीत. त्या उठल्या नाहीत, बसूनच बोलल्या.

"त्या लेकराला म्या मांडीवर घेतलं व्हतं. पाणी पाणी करायलं अन आमी देताव तर वढ्याचं. त्या टँकरवाल्याला आपण किती शिव्या घातल्या, आठवतंय का दगडोबा? अजून घालताव. आता त्या पोरींनी आपल्याला घालायच्या व्हय?"

"अन जनावरं?" मागून एकानं विचारलं.

"माझी बी दोन हायत," मल्लम्मा म्हणाल्या. "जनावरांना छावणी हाय. पोरींना कोणची छावणी हाय?"

यावर मतं वगैरे काही घेतली नाहीत. नवी जांभळीनं रविवार सोडला, मग मधल्या गावांपैकी तिघांनी सोडला, चौथं गाव कुरकुरत तयार झालं. कवठाळीचा प्रश्नच नव्हता, पण हणमंतरावांना होस्टेलच्या पाण्याची चावी दुसऱ्या गावाला देणं जड गेलं. शेवटी तेही म्हणाले, "मल्लम्मांकडं राहू द्या. माझ्यापेक्षा त्यांच्यावर पोरींचे आईबाप विश्वास ठेवतील." हे म्हणायला त्यांना जोर लागला असणार.

राजश्रीचं ते वर्ष गेलंच. ती बरी झाली, पण परीक्षेला बसू शकली नाही. सोनकांबळ्यांचंही काही गेलं. पोरीसाठी निकाल फिरवणारा माणूस, असं त्यांच्यामागं बोललं जाऊ लागलं. ते आमच्या केंद्रापर्यंत पोचलं, आणि पुढच्या वर्षी लातूरकडच्या वर्गांना त्यांना बोलावलं गेलं नाही. मी तावातावानं वर पत्र लिहिणार होतो. त्यांनी लिहू दिलं नाही. "बोलणारे बोलतेत ते खरंच हाय," म्हणाले. ते हदगावला, किनवटला शिकवत राहिले. तिथं कोणतीही योजना आखताना पहिला प्रश्न ते हा विचारायचे की इथं राहतो, पण इथला धरला जात नाही, असा कोण आहे? ऊसतोड्यांची पालं, वीटभट्टीवरची कुटुंबं, आश्रमशाळेची पोरं. लोक आधी म्हणायचे, असं कोणी नाही सर. मग आठवत जायचे.

पण हे सगळं नंतरचं. बैठकीनंतरच्या पहिल्या रविवारी मी सोनकांबळ्यांकडे नांदेडला सकाळीच जाऊन बसलो होतो. पाणी खरंच सुटेल याची खात्री त्यांना नव्हती आणि मलाही नव्हती. दगडोबानं लाइनच फोडली तर? मल्लम्मांना बस मिळाली नाही तर? सुमनबाईंनी चहा ठेवला होता. सोनकांबळे वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसले होते. राजश्रीजवळ दवाखान्यात थांबलेली विशाखा आदल्या दिवशीच होस्टेलला परत गेली होती. बापाशी ती अजून कामापुरतंच बोलत होती.

फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, तर आधी नुसता गलका ऐकू आला. बादल्यांचे आवाज, पोरींचं ओरडणं, जिन्यावरची पळापळ. मलाही ते ऐकू येत होतं. मग विशाखाचा आवाज आला.

"पप्पा, पाणी आलं."

"स्वच्छ हाय का?"

"हो. वरच्या मजल्यापर्यंत आलंय. मल्लम्मा आत्या टाकीपाशी बसून हायत, सगळ्यांना रांग लावायल्यात. ठेवते, माझा नंबर आला."

तिनं फोन ठेवला. यांनी ठेवला नाही. तसाच कानाशी धरून बसले. सुमनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि काय झालं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पाणी आलं म्हणं पोरींना," सोनकांबळे त्यांना म्हणाले, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "सुमन, आपल्या आनंदराजला एवढंच पाहिजे व्हतं गं."